घोट्यावरचा अंगठा

ती नमस्काराला वाकली की लवकर उठायची नाही. बाकीची पोरं पायाला हात लावल्यासारखं करतात आणि पळतात. ही माझ्यापुढे उकिडवी बसायची, घोट्यावर अंगठा दाबायची, उचलायची आणि पडलेला खड्डा किती वेळ राहतो ते बघत राहायची. पहिल्यांदा मी ओरडलेच, "आशीर्वाद दिला की ग! पाय काय घरी नेणार आहेस?"

"आजी, एक मिनिट. तुमचा डावा पाय डिफरंट आहे."

तेव्हापासून मी तिला पायवाली म्हणायला लागले. इथे अमेरिकेत, श्रूजबरीत, आमच्यापासून चौथं घर तिचं. जन्म इथलाच. मराठी मोडकं, पण न लाजता बोलायची.

त्या डाव्या पायापायी तिने माझ्या मुलाच्या मागे लागून मला डॉक्टरकडे पाठवलं. हृदयाचं दुखणं निघालं. "वेळेत आलात," डॉक्टर म्हणाला. घरात मुलगा आणि सून रोज सकाळी विचारायचे, बरं आहे ना? मी रोज म्हणायची, बरं आहे. पायवाली म्हणायची, "आजी, तोंड सगळ्यांचं फाइन म्हणतं. पाय लाय नाही करत."

मंडळाच्या गणपतीत आरती झाली की सगळी तरुण मंडळी जेवणाच्या रांगेत धावतात. ही हॉलच्या कोपऱ्यात, आम्हा म्हाताऱ्यांच्या खुर्च्यांपुढे जमिनीवर बसलेली. "काका, हे मोजे टाइट आहेत, कॅन्सल करा." एकदा एक काका म्हणाले, "पाय बघून भविष्य सांगतेस काय ग?" ही म्हणाली, "हो काका. भविष्यात तुम्ही चकली कमी खाणार." तिची आई लांबून हाक मारायची, "ऊठ तिथून, लोक बघतायत."

कॉलेज संपल्यावर तिला एका इन्शुरन्स कंपनीत पक्की नोकरी लागली. हॉस्पिटलांकडून आलेले कागद कॉम्प्युटरवर तपासायचे. पुढे मेडिकलला अर्ज करायचा होता. वर्षभरात तिला कळलं की इथली मेडिकल कॉलेजं नुसते मार्क बघत नाहीत, आजारी माणसाजवळ किती उभी राहिलीस ते विचारतात. म्हणून तिने शनिवार-रविवार आजाऱ्यांच्या सेवेचा कोर्स करून गावातल्या म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये काम मिळवलं. अंघोळ घालायची, भरवायचं, कुशीवर वळवायचं. पगार निम्मा, आणि उद्या नको म्हणाले तर घरी बसायचं.

तिचा बाप शिरीष भडकला. हे मंडळाच्या अंकात आलं की तो वाचणार. वाच, शिरीष.

एका रविवारी तीच त्याला आमच्याकडे घेऊन आली. स्वयंपाकघरात टेबलाशी बसले दोघं.

"पर्मनंट जॉब सोडून लोकांचे डायपर बदलणार?" शिरीष म्हणाला. "यार, इन्शुरन्स पण मेडिकलच आहे ना!"

"बाबा, आय सी पेपर्स. नॉट पीपल."

"पेपर पेशंटचेच ना?" मग तो माझ्याकडे वळला. "काकू, तुम्हीच सांगा हिला. तुमचं ऐकते ती."

पोरगी निवांत होती. तिला वाटलं, आजी आपलीच आहे.

मी म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, बाळ. कागद तर कागद, हॉस्पिटलचेच आहेत."

चौथी शिकलेली बाई मी. इथल्या मेडिकलचं मला काय कळतं? माझ्या नवऱ्याने पंचायत समितीतली शिपायाची नोकरी सोडून पिठाची गिरणी काढली. गिरणी बुडाली आणि मी सात वर्षं लोकांच्या पोळ्या लाटल्या. ती भीती माझी होती, तिची नव्हती. तरी मी तिच्यावर लादली. गप्प बसता आलं असतं. 'मला कळत नाही' एवढं म्हणायला चौथीसुद्धा लागत नाही.

तिने वाद घातला नाही. "ओके, आजी," म्हणाली आणि नर्सिंग होमला नको कळवलं.

पुढच्या वर्षी अर्ज केले. एकाच कॉलेजाने मुलाखतीला बोलावलं. तिथल्या बाईने विचारलं, कुणा आजारी माणसाला तू स्वतः कधी मदत केलीस ते सांग. हिने माझ्या डाव्या पायाची गोष्ट सांगितली. बाईला आवडली. "आणि त्यानंतर?" बाईने विचारलं. त्यानंतर काही नव्हतंच. त्यानंतर कागद. दुसऱ्या वर्षी कुणी बोलावलंही नाही. तिसऱ्या वर्षी तिने अर्जच केला नाही.

शिरीष मंडळात सांगत फिरतो, "आम्ही कुठे अडवलं? काकूच म्हणाल्या." खरं आहे ते, म्हणून तर अंगाची आग होते. पण त्याला माझं मत नको होतं, मोठ्या माणसाचा शिक्का हवा होता. आपल्या लोकांत हे फार. पोरांना स्वतः नाही म्हणायची आईबापांत छाती नसली की म्हातारीला पुढे करायचं. एरवी म्हातारीला घरात भाजी कुठली आणायची तेही कुणी विचारत नाही. मग असं काही विचारलं की तीही फुगते. मी फुगले होते.

मागच्या महिन्यात कंपनीने तिला बढती देऊन टेक्ससला, अर्विंगला पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी ती भेटायला आली. गाडी बाहेर चालूच होती. वाकली, पायाला बोटं लावली आणि लगेच उठली. सगळे उठतात तशी.

मी मुद्दाम मोजे काढून बसले होते. "अग, दाब की," मी म्हणाले. "डावा परत सुजलाय."

तिने खाली बघितलं. हात थोडा पुढे आला आणि थांबला.

"आजी, डॉक्टरांना दाखवा ना," ती म्हणाली. "मला नाही कळत त्यातलं."