नावेचं दार बंद होतं तिथे

इस्त्रीच्या दुकानात शाळा भरते, हे मला आधीपासूनच खटकत होतं. संध्याकाळी काम ओसरलं की इस्त्रीवाल्या बाई गाठोड्यांवर पोरांना बसवायच्या आणि हात चालू ठेवून जुन्या गोष्टी सांगायच्या. गुलामांची सुटका, राज्य सोडून गेलेला राजपुत्र, जगबुडी आणि त्यातून चांगल्यांना वाचवणारी नाव. मी मोर्चातला, पोथ्यापुराणं न मानणारा माणूस. असल्या शिकवणीला माझ्या मते एकच औषध होतं, कुलूप.

निमित्तही मिळालं. जगबुडी ऐकून आलेली माझी भाची जेवेना. खूप खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मामा, वाईट माणसं बुडाली. बाबा पण बुडाले ना?"

माझे मेहुणे वर्षभरापूर्वी पुरात गेले होते.

दुसऱ्या दिवशी भाचीचा हात धरून मी दुकानात घुसलो आणि तोंडाला येईल ते बोललो. हातातली कॉलर पुरी होईस्तोवर बाईंनी ऐकून घेतलं.

"झालं का भाऊ? की अजून वाफ शिल्लक आहे?"

पोरं खिदळली. मी आणखीच तापलो. बाई मात्र इस्त्री उभी करून भाचीसमोर जमिनीवर बसल्या.

"ती फार जुन्या लोकांची गोष्ट, बाळा. मी घाईत उरकली. तुझ्या बाबांना नेलं त्या पाण्यानं चांगला कोण, वाईट कोण, काही विचारलं नव्हतं. कसे होते गं बाबा?"

भाची शेजारच्या गाठोड्याची गाठ सोडू-बांधू लागली. मग म्हणाली, "पत्त्यांत लबाडी करायचे."

"आणि पकडलं की?"

"मलाच गुदगुल्या करायचे."

बाईंनी जगबुडी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. नावेचं दार बंद होतं तिथे थांबल्या. "आत कोण कोण होतं ते गोष्टीत आहे. बाहेर राहिलेल्यांचं कुणी काही सांगून ठेवलं नाही. आपण आपल्या गेलेल्या माणसांचं सांगू या."

कुणाची आजी घोरायची. कुणाचा काका हात सोडून सायकल चालवायचा. कुलूप लावायला आलेला मी गाठोड्याला टेकून ऐकत बसलो. घरी येऊन भाचीनं ताट चाटूनपुसून साफ केलं.

व्यासपीठावरून मी पुष्कळांचे आभार मानलेत, त्यातले निम्मे नाइलाजानं. या बाईंचे मात्र मनापासून मानतो. त्या आता थकल्यात. धाकट्यांना भाचीच गोष्टी सांगते. परवा दुकानाच्या दारात उभा राहून मी ऐकत होतो. नावेचं दार बंद झालं आणि ती थांबली.

"आधी मी सांगते," म्हणाली. "माझे बाबा पत्त्यांत लबाडी करायचे."