कूलरवाल्याच्या पोरीचा प्रस्ताव

पडद्यावर माझ्या प्रस्तावाचं पहिलं पान होतं. वर माझं नाव, खाली विषय. नव्या प्राध्यापकांना संशोधनाचं अनुदान कसं मागायचं हे शिकवायला आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजनं कार्यशाळा ठेवली होती. बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ माईक घेऊन उभे होते. त्यांनी विषय वाचला, थांबले आणि हसले.

“कूलर? मॅडम, हे संशोधन आहे की वडिलांचं दुकान?”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेतले आमचे विभागप्रमुख पुढे वाकून त्यांच्या कानात काहीतरी बोलले. तज्ज्ञांनी ते लगेच माईकवर सांगितलं. “अच्छा, खरंच दुकान आहे म्हणे.”

आता हसू जास्त मोठं होतं.

आहेच दुकान. नागपुरात, सक्करदऱ्यात. बाबा कूलर बनवतात, उन्हाळ्याआधी घरोघरी जाऊन कूलरच्या जाळ्यांतलं जुनं गवत काढून नवं भरतात. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. नोकरीच्या मुलाखतीत मी हे मान वर करून सांगितलं होतं. तेव्हा हेच विभागप्रमुख म्हणाले होते, वा.

माझा विषय साधा होता. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बादल्याच्या बादल्या पाणी पितो. जिथं टँकरची वाट बघावी लागते तिथं बाई विचार करते, लेकराले पाजू की कूलरात टाकू. कमी पाण्यात तेवढीच गार हवा देईल अशी जाळी मला बनवायची होती. लॅबमध्ये पहिल्या चाचण्या झाल्या होत्या. चांगल्या निघाल्या होत्या. त्याबद्दल सभागृहात कोणी एक शब्द विचारला नाही. खर्चाचा भाग कसा मांडायचा, असं एकानं विचारलं, तर उत्तर आलं, हळूहळू येतं.

पुढच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. चहा मागवला. प्रस्ताव चांगला आहे म्हणाले, तज्ज्ञ सरांनाही आवडला. फक्त तरुण प्राध्यापकांच्या योजनेत पैसा कमी. तिथून काढून मोठ्या योजनेत टाकू. तिथं माणूस अनुभवी लागतो, म्हणून मुख्य संशोधक ते स्वतः. सहसंशोधक तज्ज्ञ सर. काम मी करायचं. माझं नाव तिसरं.

मी विचारलं, “सर, मागच्या आठवड्यात तर ते दुकान होतं ना?”

“मनावर घेऊ नका. इथं सगळे असेच वर आलेत. संध्याकाळपर्यंत फाईल पाठवा.”

आमच्याकडे याला मार्गदर्शन म्हणतात. नवा माणूस लिहितो, जुना नाव घालतो. आणि प्राचार्यांच्या सहीशिवाय प्रस्ताव बाहेर जात नाही. विभागप्रमुखांनी मान हलवल्याशिवाय प्राचार्य सही करत नाहीत.

कॅन्टीनमध्ये सिव्हिल विभागातला, माझ्यासोबतच नोकरीला लागलेला प्राध्यापक म्हणाला, “काहून अडून राहिली वं? देऊन टाक ना नाव. मी नाही दिलं? जगूनच राहिलो ना.”

त्याचा प्रस्ताव मंजूर झाला होता. मशीन आली. तिच्या खोलीची किल्ली त्याच्या विभागप्रमुखांच्या ड्रॉवरमध्ये असते. स्वतः मागवलेल्या मशीनला हात लावायला हा चिठ्ठी पाठवतो. सांगताना तो हसत होता. पोहे तसेच ठेवून उठला.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “साहेब लोकाइले नाही म्हनू नोको, बेटा. नोकरी हाय.”

बंगल्याबंगल्यात त्यांनी उभ्यानं कूलर बसवले. बसा असं कोणी म्हटलं नाही. मला तर विभागप्रमुख बसवून, चहा पाजून प्रस्ताव मागत होते. एवढाच फरक.

मी म्हटलं, “बाबा, तुम्ही हो म्हनत आले म्हनून मी शिकली. आता मले नाही म्हनू द्या.”

ते उठून दुकानात गेले. रागावले असतील. मी विचारलं नाही.

सकाळी केबिनमध्ये उभी राहिले. बसले नाही. “फाईल देणार नाही, सर. प्रस्ताव तरुणांच्याच योजनेत जाईल. माझ्या नावानं.”

त्यांनी मान वर केली नाही. “मग सही विसरा.”

सही आली नाही. शेवटच्या दिवशी मी प्राचार्यांच्या दाराबाहेर बाकावर बसून होते. ते आले, विभागप्रमुखांशी बोला म्हणाले आणि गाडीत बसले. मुदत गेली. प्रस्ताव गेला नाही. एक वर्ष वाया गेलं. हे कोणी भरून देणार नाही, आणि मला सांत्वन नको.

आता रविवारी आमच्या घरी तीन कॉलेजांचे नवे प्राध्यापक येतात. एकमेकांचे प्रस्ताव वाचतो, खोडतो, भांडतो. खर्च कसा मांडायचा तेही शिकतो. हळूहळू नाही, त्याच दिवशी. अट एकच. लिहिणाराच मुख्य संशोधक. ज्याला ते नाव विकायचं असेल त्यानं माझ्याकडे येऊ नये. सिव्हिलचाही मागच्या रविवारी आला. दारात थोडा थांबला, मग आत आला.

योजना पुन्हा निघेल. मी पुन्हा सही मागायला जाईन. या वेळी अर्ज देईन आणि पोच घेईन. नकार द्यायचा असेल तर त्यांनी कागदावर द्यावा, कारण लिहून, खाली स्वतःचं नाव घालून. तोंडी नकार मी घेणार नाही.