बाहेर बसलेल्याची खोड

बैल घ्यायचा तर आबासाहेब त्याच्या मालकाशी बोलतच नसत. सरळ शेजारच्या दावणीवाल्याला गाठत. "मालक गुण सांगते. खोड इचाराची तं बाजूवाल्याले," असं म्हणत. आमच्या शाळेचे ते सेक्रेटरी. महाराष्ट्र नुकताच झालेला, गावोगाव शाळा निघत होत्या, आणि मास्तर निवडायलाही या गृहस्थांनी बैलबाजाराचीच रीत लावली.

मुलाखती मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी असत. कमिटीची मंडळी नाहीतरी बाजाराला येतच. जागा एकच होती. मी आणि माझा कॉलेजातला सोबती नामदेव चिखलीहून एकाच एस.टी.नं आलो, एकाच फडक्यातली भाकर खाल्ली. नामदेवला फेफरं यायचं. आलं की त्याचं डोकं माझ्या मांडीवर असायचं. दुसऱ्या कोणाला ते ठाऊक नव्हतं.

आबासाहेबांनी मला ना भूगोल विचारला, ना गणित. सुपारी कातरत म्हणाले, "बाहेर बसला हाये, त्याले काऊन घेऊ नये, सांग."

घरी लग्नाच्या दोन बहिणी होत्या, वगैरे कारणं मी आता देतो. तेव्हा डोळ्यांपुढे नुसती नोकरी होती. "त्याले फेफरं येते जी," मी म्हणालो. कोणी धमकावलं नव्हतं की काही नाही. चांगला खणखणीत बोललो मेला!

मग नामदेव आत गेला. या वेळी दार उघडंच राहिलं; मला बाहेर सगळं ऐकू येत होतं. त्यालाही तोच प्रश्न.

"त्यालेच घ्या जी. माह्यापेक्षा त्याचं गणित चांगलं हाये."

"अन् तो तं म्हणते, तुले फेफरं येते!" आबासाहेब मोठ्यानं हसले. नामदेव बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता स्टँडकडे निघून गेला. पुन्हा कधी भेटला नाही.

मी लागलो. पुढं वीस वर्षं मुलाखतींना आबासाहेबांच्या शेजारी बसलो. "उत्तर पाठ करता येते बे, घाम नाही पाठ करता येत," ते मला शिकवायचे. सुट्टीत त्यांच्या कापसावर देखरेख केली, त्यांचा नापास नातू पास केला. मला वाटे, माणूस आपल्यावर खूश आहे.

ते अंथरुणाला खिळले तेव्हा धीर करून विचारलं, "आबासाहेब, मी खरं बोललो म्हणूनच घेतलं ना मले?"

ते खोकला लागेपर्यंत हसले. "खरं तं तोही बोलला बे. पण जो दोस्ताले सोडत नाही, तो मालकाले भेत नाही. त्यानं एक दिवस मले नाही म्हटलं असतं. तू कधी म्हणशीन का?"

"नाही जी," मी म्हणालो, आणि त्यांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.