डाव्या चाकाचे चार नट

इवाओ नुमाझावा यांनी एक्केचाळीस वर्षं दहाचाकी ट्रक चालवला. बंदरावर मासळी भरायची आणि डोंगर ओलांडून पहाटेच्या बाजारात उतरवायची. एवढ्या वर्षांत माल एकदाही उशिरा पोचला नाही, आणि ही गोष्ट ते कुणी न विचारता सांगत. मार्चमध्ये निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी टोपी काढून आधी ट्रकला वाकून नमस्कार केला, मग माणसांना.

त्यानंतर मात्र हाताला काम उरलं नाही. त्यांची बायको तोमिए डोंगरापलीकडच्या बालवाडीत स्वयंपाक करायची. ती सकाळी आपल्या छोट्या पांढऱ्या गाडीतून निघाली की इवाओ दारात उभे राहून हात हलवत.

"तुम्ही असे उभे राहिलात की मीच शाळेत निघालेय असं वाटतं," ती म्हणायची.

नोव्हेंबर संपत आला. डोंगराचं डोकं पांढरं झालं, मग खांदे, मग कंबर. बर्फ कंबरेशी आला की अख्खं खोरं हिवाळी टायर चढवायच्या मागे लागतं. सोमवारी पहाटे घाटात बर्फ पडणार, असं रेडिओ सांगत होता. टायरवाल्याकडे आठ दिवस नंबर लागणार नव्हता. इतकी वर्षं तोमिएच्या गाडीचे टायरही कंपनीतला मेकॅनिक बदलून द्यायचा. आता कंपनी सुटली, तसा तोही सुटला.

"सोमवारी साठ पोरांना अळकुड्यांचा रस्सा कबूल केलाय मी," तोमिए म्हणाली. "टायर नाही बदलले तर घाट चढता येणार नाही. जमेल ना तुम्हाला?"

"अगं, दहा-दहा नटांची चाकं उघडलीत मी. तुझ्या गाडीला चार नट. ते तर बोटांनीच सुटतील."

रविवारी सकाळी त्यांनी अंगणात चटई अंथरली आणि हत्यारं ओळीनं मांडली. एका टोकाला गाडीबरोबर आलेला आखूड पाना, मग चार तोंडांचा फुलीचा पाना, गंज सोडवायचं तेल, आणि शेवटी हातभर लांबीचा लोखंडी पाइप. इवाओ कामाला बसले की आधी हत्यारांकडे बघत. नट बघूनच पाना उचलायचा, नाहीतर नटाचे कोपरे झिजतात, असं त्यांचं म्हणणं.

उजव्या बाजूनं सुरुवात केली. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट सैल केले, मग जॅक लावला. आखूड पाना, वरून पायाचा दाब, आणि नट कुरकुरत सुटले. अकराच्या आत उजवी दोन्ही चाकं झाली. इवाओंनी शीळ घातली. तोमिएनं चहा आणला आणि शेजारच्या हागासानांनी कुंपणावरून मान काढली.

हागासान पर्सिमन पिकवत. सोलून दोऱ्यांना वाळत टांगलेल्या त्या फळांचा नारिंगी पडदा त्यांच्या ओसरीवर झुलत होता.

"वा, झालंच की," ते म्हणाले.

"अर्धं झालं. अर्धं काय, आत्ता होईल."

पण डाव्या पुढच्या चाकाचा नट हलेना. आखूड पान्यावर इवाओ दोन्ही पायांनी उभे राहिले. नट थोडा करकरला आणि बसला. फुलीचा पाना लावला. एका हातानं ओढ, दुसऱ्यानं दाब. नट आणखीच घट्ट. चारही तसेच. तेल टाकून अर्धा तास वाट पाहिली, तरी तेच.

"गंजलेत," इवाओ म्हणाले.

"एका बाजूचेच?" तोमिएनं विचारलं.

"पावसाचं पाणी रस्त्याच्या कडेनं वाहतं. ते डाव्या चाकांनाच लागतं."

हागासानांनी काही म्हणायला तोंड उघडलं, मिटलं, आणि घरातून बॅटरीवर चालणारं नट खोलायचं यंत्र आणलं. "कुठल्या बाजूला फिरवायचं?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"डावं चाक आहे, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे."

हागासानांनी तोमिएकडे पाहिलं, तोमिएनं हागासानांकडे. मग त्यांनी मुकाट्यानं बटण तसं सरकवलं. यंत्र धडधडलं, अंगण दणाणलं, ओसरीवरची फळं थरथरली. चारही नट होते तिथेच.

उरला पाइप. पान्याच्या दांड्यावर तो चढवला की जोर तिप्पट होतो. नट तरी सुटतो, नाहीतर बोल्ट तरी तुटतो. बोल्ट तुटला तर उद्याचा घाट विसरायचा. म्हणून पाइप लावण्याआधी बोल्टाचं तोंड बघून घ्यायचं, ही इवाओंची शिस्त. त्यांनी चष्मा लावला, तेल पुसलं आणि वाकून पाहिलं.

त्यांच्या ट्रकच्या डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे बोल्ट होते. चाक धावताना नट आपोआप सैल होऊ नयेत, म्हणून ती सोय. उजवीकडचे नट घड्याळाच्या उलट फिरवून सुटायचे, डावीकडचे घड्याळाप्रमाणे. डाव्या बोल्टांवर तशी खूणही कोरलेली असायची. इथे खूण नव्हती. चारही बोल्टांवर नव्हती. छोट्या गाडीचे सगळे आटे एकाच दिशेचे असतात, हे त्यांना माहीत होतं; त्यांच्या हातांना माहीत नव्हतं.

इवाओ चटईवर बसले. हागासानांना काहीतरी सांगून घरी धाडावं आणि गुपचूप उलटं फिरवावं, असा विचार मनात येऊन गेला. कान लाल झाले.

"तोमिए," ते म्हणाले, "मघापासून मी हे नट आवळतोय."

मग तोमिएच्या तोंडून हसू फुटलं, आणि ते दाबायला तिनं ॲप्रन तोंडाला लावला.

"हागासान, तुम्हाला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची एक्केचाळीस वर्षं ट्रकवर गेली. मी फळं सोलतो. कसं बोलणार?"

"आणि तू गं?"

"मला वाटलं, माझंच चुकत असेल," तोमिए म्हणाली. "तुम्ही पावसाचं इतकं छान सांगितलंत."

आता इवाओही हसायला लागले, पोट धरून.

आता जे आवळलं होतं ते सोडवायचं होतं. पाइप चढवला, उलट्या दिशेला. इवाओंनी पाना नटावर नीट धरला, हागासानांनी पाइप दाबला, तरी हलेना. तेव्हा तोमिएनं बूट घातले, हागासानांच्या खांद्याचा आधार घेतला आणि पाइपच्या टोकावर उभी राहिली. नट किंचाळला आणि सुटला.

"साठ पोरांचा भात ढवळते मी," ती खाली उतरत म्हणाली. "नटाचं काय घेऊन बसलात."

चारही सुटले. बोल्ट ताणले गेले नाहीत ना, हे बघायला इवाओंनी प्रत्येकावर नट नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवला. सहज गेला. मागचं डावं चाक दहा मिनिटांत झालं.

पहाटे घाट पांढरा झाला. तोमिए निघाली, इवाओ दारात उभे राहिले आणि या वेळी हात हलवायला विसरले. लक्ष चाकांकडे होतं. सव्वासातला फोन वाजला.

"पोचले. अळकुड्या शिजायला ठेवल्यात."

फोन ठेवतात तोच हागासान दारात आले. त्यांच्याही गाडीचे टायर राहिले होते. इवाओंनी हत्यारं उचलली, चटई घेतली आणि डाव्या चाकापाशी जाऊन बसले.

"बघत राहा हं," ते म्हणाले. "माझा हात चुकला की सांगायचं."

"चुकला," हागासान म्हणाले.

"अहो, अजून पाना लावला नाही मी."

"सराव करतोय."