विहिरीच्या जागी

उन्हाळ्यात माझ्या माहेरच्या गावाच्या, हट्ट्याच्या शिवारात शिरलं, की वाळत घातलेल्या हळदीचा उग्र, मातकट गंध आधी भेटतो आणि माणसं नंतर. यंदा त्या गंधासरशी माझी पावलं भराभर पडू लागली. कारण सोबत दहा वर्षांची लेक होती आणि हिवाळाभर मी तिला एकच वचन देत आले होते, की माझ्या वडिलांनी, आबांनी, मला ज्या विहिरीत पोहायला शिकवलं, तिथंच तुला शिकवीन.

विहीर नव्हती. तिच्या जागी चकचकीत फरशी होती, वर पत्र्याची शेड आणि शेडखाली दादाची नवी कोरी गाडी. सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

"बुजवली," माझा सख्खा भाऊ सहज म्हणाला. "बोरला बक्कळ पाणी हाय. गाडी काय उन्हात ठिवायची व्हय? तू काहून तापून राहिली, बाई?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आबांनी माझ्या पाठीला दोन वाळवलेले भोपळे बांधून मला पायरीवरून ढकललं होतं. नाकातोंडात पाणी, जिवाचा आकांत, आणि मग ते हिरवं, गार पाणी आपल्याला उचलून धरतंय हे उमगल्याची घटका! पाचव्या दिवशी भोपळे सुटले, आणि मी उताणी तरंगत विहिरीएवढं गोल आभाळ पाहिलं. पुढे नोकरी लागली, घर झालं, दागिने झाले. पण त्या आभाळाइतकं माझं असं काहीच वाटलं नाही. दादा तर पट्टीचा पोहणारा. काठावरून सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत आणून दाखवायचा. त्याच हातांनी त्यानं तिथं मुरूम ओतला! हळदीनं चार पैसे दिले आणि ह्याची अक्कल गहाण पडली.

वहिनी हौसेनं फ्रीज, टीव्ही, सोफा दाखवत होती. मी कशालाच चांगलं म्हटलं नाही. वाईट वागले, ठाऊक आहे.

आम्ही पुन्हा अंगणात आलो, तेवढ्यात हळदीच्या पोत्यांमागून लेक काहीतरी घेऊन धावत आली. आबांचेच दोन भोपळे. स्वच्छ पुसलेले, नव्या दोरीत ओवलेले.

"मामा, हे कसे बांधतात?"

दादानं तिला शेडच्या कडेला उभं केलं, भोपळे पाठीवर बसवले, दोरी पोटाशी आणून गाठ मारली, गाठीखाली बोट घालून ताण पाहिला, अगदी आबांसारखा. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून सवयीनं वळला, तिला पाण्यात ढकलायला.

समोर गाडी होती.

तो हात कितीतरी वेळ तसाच राहिला. माझा राग अजून गेलेला नाही; पण तिथं काय होतं ते दादाला माझ्याइतकंच ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. लेक मात्र भोपळे बांधून, डोळे घट्ट मिटून उभी होती.