हात लावल्याशिवाय

मी उभी होते त्या फरशीवर मठाच्या कारभाऱ्यानं बादलीभर पाणी ओतलं. माझ्यादेखत. पाय मागे घ्यायलाही वेळ दिला नाही.

तिरुवैयारुजवळचा हा जुना मठ, पिढ्यानपिढ्या इकडे राहिलेल्या मराठी लोकांचा. दगडी गाभारा, वर विटांचं शिखर, त्यावर चुन्याच्या मूर्ती. चार महिने मी त्या शिखरावर होते. हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी घालून चुना मळला. तुटलेली नाकं बसवली, बोटं घडवली. म्हणजे देवाच्या डोक्यावरच बसले होते. तेव्हा कुणाला विटाळ झाला नाही.

मूर्तीचे डोळे शेवटी उघडायचे, म्हणजे बुबुळं रेखायची. तेही कारागिरानंच. डोळे उघडले की मूर्तीत देव आला, आणि कारागिराचा हात बाटका झाला. असा त्यांचा हिशेब. मी डोळे उघडले, खाली उतरले, मंडपात जरा टेकायला गेले. तर बादली.

आणि मी काय म्हणाले? "चुकलं." स्वतःची एवढी किळस मला पुन्हा कधी आली नाही.

नंतर कारभाऱ्यानं चुन्यावर चकचकीत ऑइलपेंट मारून घेतला. फोटोत छान दिसतो म्हणून. चुन्याला श्वास लागतो, हे मी आधीच सांगितलं होतं. पण शिकलेली माणसं माझ्यासारखीचं कशाला ऐकतील? दोन पावसाळ्यांत ओल आत कोंडली, गाभारा गळायला लागला.

मग कारभाऱ्याचा फोन. "ये की. तू आपली मराठीच." दोन वर्षांनी मी आपली झाले.

गेले. उंबऱ्याशीच हात आडवा. "आंत यायाचं नाही. तेथूनच बघून सांग."

बघितलं. देवाच्या डोक्यावर थेंब पडत होते. पुढ्यात बादली ठेवलेली. तीच. मला हसू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

"भिंतीला हात लावल्याशिवाय मला कळत नाही," मी म्हणाले.

"पुजारी हात लावतील. कसं लागतं तें सांगतील. तूं तेथून ऐक."

"मग शिखरावरही त्यांनाच चढवा."

हत्यारांची पिशवी मी उघडलीच नव्हती. तशीच खांद्याला मारून निघाले.

आता कुठलंही देऊळ असो, माझी अट आधी. डोळे उघडल्यावरही मी आत येणार, हात लावणार. नाही म्हणाले की परत फिरते. हा मठ अजून नाहीच म्हणतो. ऐप्पसी महिन्यातला, दिवाळीच्या सुमाराचा मोठा पाऊस यायचाय. मी जाणार नाही. गळू दे.