उमेदवाराचा पासपोर्ट

पोलीस खात्यात असताना खून, दरोडे, अपहरणं सगळं पाहिलं. पण जे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही ते निवृत्तीनंतरचं आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी ओमानला सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो होतो. तिथे कामगारांचे गणवेश शिवले जात.

मालक बांगलादेशी. तरुणपणी ओमानमधल्याच बरका गावी खजुराच्या बागेत मजुरीला आलेला. फाटके कपडे रफू करता करता शिलाई शिकला आणि एका जुन्या मशीनवरून कारखान्यापर्यंत पोहोचला. गावाकडे त्याने शाळा बांधली, दवाखाना काढला. आता तिथल्या लोकांनी त्याला संसदेच्या निवडणुकीला उभं राहायला लावलं होतं. अर्ज भरायचा शेवटचा दिवस रविवार. विमान शुक्रवारी रात्री मस्कतहून, म्हणजे सोहारहून दुपारी चारला निघायलाच हवं.

दर शुक्रवारी तो नमाजानंतर कॅम्पच्या, म्हणजे कामगार वस्तीच्या, मेसमध्ये कामगारांबरोबर जेवायचा. त्या दिवशीही जेवला. दोन वाजता मी माझ्या यादीप्रमाणे त्याची बॅग तपासली. तिकीट, मतदार यादीचा उतारा, फोटो यांवर खुणा झाल्या. सकाळी मालकाने स्वतः बॅगेत ठेवलेला पासपोर्ट नव्हता.

शुक्रवार-शनिवार सुट्टी, दूतावास बंद. पासपोर्ट मिळाला नाही तर उमेदवारी खलास. पोलिसांत तक्रार दिली तर ज्याचं नाव निघेल त्याची नोकरी जाईल आणि तो मायदेशी रवाना होईल.

"इन्स्पेक्टर साब," मालक हिंदीत म्हणाला, "चारपर्यंत शोधा. पण माझ्या माणसाचं नाव बाहेर जाता कामा नये."

मी ड्रायव्हरपासून सुरुवात केली. बॅग गाडीतच असणार असं मी धरलं; गाडी त्याच्या ताब्यात, म्हणून संशय त्याच्यावर, जुनी सवय. तो भडकला. "साब, गाडीची झडती घ्या, माझी घ्या, पण असं बघू नका माझ्याकडे!" गाडीत काही निघालं नाही. त्यात अर्धा तास गेला.

तेवढ्यात कटिंग मास्टर केबिनच्या दारात आला. "बॅग गाडीत नव्हतीच, साब. अर्बाब ती मेसमध्ये घेऊन आले होते. जेवायला बसताना किचनच्या खुंटीला टांगली." अर्बाब म्हणजे मालक; कामगार त्याला तसंच म्हणत.

खबर पक्की होती. पण किचनमध्ये जाणारे-येणारे पुष्कळ. मी मास्टरला जेवणाची सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायला लावली. चौकशीत माणूस खोटं बोलला तरी क्रम सहसा खरा सांगतो.

"नेहमीसारखंच होतं," तो म्हणाला. "फक्त भात चाचाने नाही वाढला. भांडीवाल्याने वाढला."

मी पेन खाली ठेवलं. चाचा म्हणजे मेसचा आचारी, मालकाबरोबर बागेत राबलेला, एकाच खोलीत राहिलेला. मालकाच्या ताटात पहिला डाव भात त्याच्याच हातचा पडणार, हा शुक्रवारचा शिरस्ता. तापाने फणफणलेला असतानाही त्याने तो मोडला नव्हता.

किचनमध्ये चाचा मोठ्या पातेल्यात डाळ ढवळत होता. मी बटाट्याच्या पोत्यावर बसलो.

"चाचा, आज अर्बाबना भात का नाही वाढलात?"

"हात दुखतो, साब."

"त्याच हाताने एवढं पातेलं ढवळताय?"

पळी थांबली. त्याने गॅस बंद केला. मग म्हणाला, "चोरी केलेल्या हाताने त्याला कसं वाढू?"

सुक्या मिरच्यांच्या डब्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला पासपोर्ट बाहेर आला. पावणेचार झाले होते.

मालक दाराशी येऊन उभा होता. चारचौघांत त्याला अर्बाब म्हणणारा चाचा एकदम एकेरीवर आला. "तिकडे निवडणुकीत माणसं मारतात. मला घरी पाठव, पोलिसांत दे. पण तू जाऊ नकोस."

"म्हाताऱ्या, तुझ्यापायी माझी खासदारकी गेली असती!"

"बरं झालं असतं. टेबलावर उभं राहून चार शब्द बोलायचे तर तुझे पाय लटपटतात. तू काय भाषणं करणार?"

मालक हसला. मग तिथेच ओट्याशी बसला. "वाढ. दुपारी नीट जेवलोच नाही."

"यल्ला, चला साहेब, गाडी तयार आहे," मी घड्याळ दाखवलं.

"पाच मिनिटं, इन्स्पेक्टर साब. निवडणूक एवढी वाट बघेल."

चाचाने वाढलं. मालक जेवला. चारला दोन मिनिटं असताना गाडी फाटकाबाहेर पडली. मी नोंदवहीत लिहिलं: पासपोर्ट सापडला, तक्रार नाही. आरोपीच्या नावाशिवाय बंद केलेलं माझं हे पहिलं प्रकरण.

खात्यात मी गुन्ह्यामागे लोभ, सूड, भीती शोधत आलो. माया हासुद्धा हेतू असू शकतो, हे मला सोहारच्या एका किचनमध्ये कळलं. तेव्हापासून चौकशीत मी वैऱ्यांइतकंच जिवाभावाच्या माणसांकडेही पाहतो.

मालक निवडणूक हरला. सुखरूप आहे आणि परत येतोय, असा त्याचा फोन आला. चाचा मेसच्या पायरीवर बसून रडत होता. आपला माणूस हरल्याचं दुःख, की तो परत येतोय याचा आनंद? खात्यात असतो तर विचारलं असतं. मी शेजारी जाऊन बसलो.